एका वेळी एकच खाडी: दापोली ते रत्नागिरी सागरी रस्त्याने पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

शनिवार-रविवारी गाडी घेऊन कोकणात पहिल्यांदाच उतरणाऱ्यांची यादी बहुतेक सारखीच असते. हर्णै, मुरुड, गुहागर, हेदवी, गणपतीपुळे, आरे-वारे आणि जमलं तर पावस. नकाशावर हे सगळं एका बोटात मावतं, म्हणून दोन दिवसांत उरकेल असं वाटतं. उरकत नाही. मध्ये खाड्या आहेत, मोठ्या खाड्यांवर पूल नाहीत, आणि किनाऱ्याच्या रस्त्यावर तासाला तीस किलोमीटर पडले तरी खूप झालं.

रेवस ते रेड्डी हा सागरी महामार्ग ऐकून आपण मोठे झालो. अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हापासूनचं ते स्वप्न. रस्त्याचे तुकडे झाले, काही पूलही झाले, पण मोठ्या खाड्यांवर अजून जंगलजेट्टीच, म्हणजे माणसं-गाड्या वाहून नेणारी सपाट बोट, गाडी पलीकडे नेते. माझ्या मते हे नवख्या माणसाच्या पथ्यावरच पडतं. खाडी आली की थांबावं लागतं आणि बेत आपोआप आटोक्यात राहतो. म्हणून पहिला नियम हा: दोन दिवसांच्या सहलीत एकच खाडी ओलांडायची. तीन दिवस असतील तर दोन.

आधी दिनदर्शिका, मग नकाशा

हॉटेल शोधायच्या आधी भिंतीवरची दिनदर्शिका काढा आणि त्या शनिवारी तिथी कोणती आहे ते बघा. किनाऱ्यावरचं अर्धं वेळापत्रक तिथेच ठरतं.

कोळी आणि खलाशी वापरतात तो हिशोब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती, दुपारी आणि पहाटेही. अष्टमीला सहा वाजता. दशमीला साडेसात. भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. शुक्ल पक्ष असो की वद्य, गणित तेच. हे ढोबळ आहे, तासाभराचा फरक धरून चाला. नेमकी वेळ हवी असेल तर भरती-ओहोटीचे तक्ते देणारी ॲप आहेत, तिथे जवळचं बंदर निवडा. पण रेंज गेल्यावरही चालतो तो पाऊणपटीचाच हिशोब.

याचा उपयोग असा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. भरती दुपारी बाराच्या सुमारास येते आणि जोरात येते, तर ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहाच्या आसपास लागते. म्हणजे भर दुपारी हेदवीला बामणघळीत, किनाऱ्यावरच्या खडकातल्या भेगेत, पाणी उसळताना दिसेल, आणि सूर्य बुडताना गुहागरच्या किनाऱ्यावर ओल्या, टणक वाळूचा रुंदच्या रुंद पट्टा चालायला मिळेल. अष्टमीच्या शनिवारी गेलात तर सगळं उलटं. भांगाचं पाणी, चढउतार कमी, बामणघळ दुपारी निवांत पडलेली, आणि संध्याकाळी समुद्र सुरूच्या बनाकडे सरकलेला. पोरांना घेऊन शांत पाण्याच्या कडेला बसायचं असेल तर हे दिवस बरे. कोणता शनिवार चांगला याला एकच उत्तर नाही, तुम्हाला काय बघायचंय त्यावर ते ठरतं.

तिथीचा संबंध जिवाशीही आहे. हरिहरेश्वरची प्रदक्षिणेची वाट खडकांतून जाते आणि भरतीला ती वाट राहतच नाही. तिथे माणसं वाहून गेलेली आहेत. खडकाळ किनाऱ्यावर कुठेही उतरताना आधी विचारा, “पाणी चढतंय की उतरतंय?” गावातला शाळकरी पोरगाही सांगेल.

मोसम

ऑक्टोबर ते फेब्रुवारी सरळ. मार्चपासून उकाडा वाढतो, पण शेवटी-शेवटी आंबा येतो. फेब्रुवारी ते एप्रिल वेळास आणि आंजर्ल्याला ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात. हे सकाळी आणि संध्याकाळी होतं, आणि अंडी उबून पिल्लं बाहेर आली तरच. फोन करून जा, आणि पिल्लं दिसली नाहीत म्हणून गावकऱ्यांवर डाफरू नका.

पंचवीस ते एकतीस डिसेंबर टाळा. पाण्यापेक्षा डोकी जास्त दिसतात.

गणपती आणि शिमग्यात मात्र विचार करून निघा. गणपतीत महामार्ग चाकरमान्यांनी भरलेला असतो आणि तुमचे घरगुती यजमानही स्वतःच्या घरच्या पाहुण्यांत बुडालेले असतात. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते. रस्त्यात पालखी आडवी आली तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा, हॉर्न वाजवू नका. खाली उतरून नमस्कार केलात तर कोणीतरी हातावर खोबरं-साखर ठेवेल आणि पुढच्या वाडीचा रस्ताही नीट सांगेल.

पावसाळ्यात कोकण हिरवंगार दिसतं हे खरं. पण नवख्याने पहिली सहल तेव्हा करू नये. दरडी कोसळतात, जंगलजेट्टीच्या फेऱ्या हवामानावर अवलंबून असतात, समुद्रात उतरायचा प्रश्नच नाही, आणि जून-जुलैत मासेमारी बंद असते. तेव्हा ताटात पडेल तो खाडीचा मासा, सुका मासा किंवा बर्फातला.

आता खाडी निवडा

तुम्ही कुठून येता त्यावर खाडी ठरते. जाताना एका घाटाने उतरायचं, खाडी ओलांडायची आणि परतताना दुसऱ्या वाटेने चढायचं, म्हणजे त्याच रस्त्याने परत यावं लागत नाही.

मुंबई-ठाण्याकडून येणाऱ्यांनी दाभोळची खाडी घ्यावी. पहाटे पाचला निघा. उशीर झाला की इंदापूर-माणगावला शनिवारच्या रांगेत अडकलातच म्हणून समजा. माणगावहून म्हाप्रळ-मंडणगडमार्गे दापोली गाठता येते, किंवा महाड-पोलादपूर करत कशेडीच्या बोगद्यातून भरणे नाका आणि तिथून उजवीकडे दापोली. दुसरा रस्ता लांबचा पण सोपा आहे, पहिल्यांदा तोच घ्या. दुपारी हर्णै-आंजर्ले, मुक्काम तिथेच. दुसऱ्या दिवशी किनाऱ्याने दाभोळ, जंगलजेट्टीने धोपावे, मग गुहागर, आणि शृंगारतळी-चिपळूणमार्गे महामार्गाला. खरं सांगायचं तर मुंबईकरांना हे दोन दिवसांत ओढाताणीचं होतं. सोमवारची रजा टाकता आली तर गुहागरला एक रात्र मिळते आणि सहलीचा नूरच बदलतो.

पुण्याहून ताम्हिणी उतरून माणगाव, मग दापोली. खाडी तीच, पण परतताना चिपळूणहून कुंभार्ली घाट, कोयनानगर, पाटण, कऱ्हाड. कुंभार्लीत अवजड गाड्यांची वर्दळ असते. अंधार पडायच्या आत घाट चढून व्हा.

कोल्हापूर-सांगलीकरांची चैन आहे. आंबा घाट उतरला की थेट रत्नागिरी. मग आरे-वारेने गणपतीपुळे, मालगुंड, जयगड, जंगलजेट्टीने तवसाळ, हेदवी-वेळणेश्वर करत गुहागर, आणि चिपळूण-कुंभार्लीमार्गे परत. ही जयगडची खाडी, म्हणजे शास्त्री नदीचं मुख. तीन वाटांत माझी आवडती हीच.

गाडी नसेल किंवा चालवायचा कंटाळा असेल तर कोकण रेल्वेने चिपळूण किंवा रत्नागिरीला उतरा आणि पुढे एसटी किंवा ठरवलेली गाडी. एसटीला वेळ लागतो, पण गावातल्या गावात ती जाते तिथवर कोणीच जात नाही.

निघण्याआधीची तयारी

टाकी दापोली, शृंगारतळी किंवा रत्नागिरीत भरून घ्या. मधल्या वाड्यांत पंप शोधत बसायची वेळ येऊ देऊ नका. रोख पैसे जवळ हवेत. मोबाइलवरून पैसे सगळीकडे घेतात, पण दरीत रेंज नसते तेव्हा चहावालाही हतबल असतो आणि तुम्हीही. त्या भागाचा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा.

नकाशाबद्दल दोन सूचना. ॲपमध्ये “फेरी टाळा” असा पर्याय चालू असेल तर दापोलीहून गुहागरला ते तुम्हाला खेड-चिपळूण करत शंभर किलोमीटरहून जास्त फिरवेल. उलट, ॲपने दाखवलेली जवळची वाट कधीकधी कोणाच्या तरी वाडीच्या दगडी गडग्याशी संपते. फाट्यावर शंका आली तर काच खाली करून विचारा, “काका, पुढे चारचाकी जाईल ना?” “जाईल हो, पण…” असं उत्तर आलं तर त्या “पण”वर लक्ष ठेवा.

दुसरी सूचना नावांची. मुरुड दोन आहेत. जंजिऱ्याजवळचं रायगड जिल्ह्यात, आणि दापोलीचं रत्नागिरी जिल्ह्यात. चुकीच्या मुरुडला खोली ठरवून मोकळे होणारे लोक दरवर्षी निघतात. ठरवताना तालुका विचारा.

मुक्काम घरगुती निवासात करा. किनाऱ्यालगत नारळी-पोफळीच्या वाड्यांत राहण्या-जेवणाची सोय करणारी घरं भरपूर आहेत. फोनवर एवढं विचारा: गाडी दारापर्यंत येते का, समुद्र पायी किती लांब, वीज गेली तर सोय काय, आणि जेवण शाकाहारी की मासे मिळतील. शेवटचा प्रश्न लाजून सोडू नका. गुहागर, केळशी, आंजर्ले, गणपतीपुळे इथल्या कित्येक घरांत फक्त शाकाहारी स्वयंपाक होतो आणि बाहेरून मासे आणलेलेही चालत नाहीत. तसं असेल तर उकडीचे मोदक, कुळथाचं पिठलं, फणसाची भाजी यांवर ताव मारा. पण जेवायला किती जण आहात ते सकाळीच सांगा, कारण मोदक ऐन वेळी होत नाहीत. रात्री नऊला पोचून “काकू, काही गरम मिळेल का?” म्हणणं बरं नव्हे.

आणि गाडी नारळाच्या झाडाखाली लावू नका. नारळ पडतो, झाप पडते, आणि दोन्ही वेळा काच तुमचीच असते.

हर्णै-आंजर्ल्याची दुपार

दापोलीत थांबून वेळ घालवू नका, चहा घ्या आणि खाली उतरा. हर्णै सतरा-अठरा किलोमीटर आहे. बंदरावर माशांचा लिलाव दुपारी चारनंतर रंगात येतो. होड्या येतात, वाळूत ढीग लागतात आणि कोळणी बोली बोलतात. ती बोली ठोक खरेदीची असते, मध्ये तोंड घालू नका. घरापुरता मासा लिलावानंतर बाजूला बसलेल्या बायकांकडे मिळतो. घासाघीस थोडी चालते, पण फोटो काढून न घेता निघून जाणं त्यांना आवडत नाही, आणि त्या तसं तोंडावर सांगतात. सुरमई-पापलेटच्या मागे सगळेच असतात, म्हणून भाव चढलेला. मांदेली, बांगडा, सौंदाळे किंवा मुडदुशा घ्या. यजमानांना आधी विचारलेलं असेल तर ते साफ करून तळून देतात.

समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. 2025 साली युनेस्कोने मराठ्यांचे जे बारा किल्ले जागतिक वारसा म्हणून घेतले त्यात हा आहे. हर्णैहून होडी मिळते, पण धक्का नसल्याने गुडघाभर पाण्यात उतरावं लागतं. लाटा असतील तर होडीवाला नाही म्हणेल आणि त्याचं ऐकायचं. आत झाडी माजलेली आहे, बूट घाला आणि पाणी सोबत न्या. होडी जमली नाही तर काठावरच्या कनकदुर्गावर चढा. पाच मिनिटांची चढण आहे आणि तिथून सुवर्णदुर्ग, बंदर, दीपगृह सगळं एका नजरेत येतं.

खाडीवरचा पूल ओलांडून आंजर्ले. कड्यावरचा गणपती उजव्या सोंडेचा. संध्याकाळी त्या देवळाच्या आवारातून खाली नारळांच्या शेंड्यांपलीकडे समुद्र दिसतो. मुक्काम आंजर्ल्यात केलात तर गर्दीपासून सुटाल. मुरुड-कर्द्यात पाण्यातले खेळ आणि डॉल्फिन दाखवणाऱ्या होड्या आहेत, पोरं खूश होतात. डॉल्फिनसाठी सकाळी लवकरची होडी घ्या, पाणी शांत असतं.

दाभोळ, आणि जंगलजेट्टीत गाडी कशी चढवायची

हर्णैहून दाभोळला जाताना दापोलीला परत जाऊ नका. मुरुड, कर्दे, लाडघर, बुरोंडी, कोळथरे असा किनाऱ्याचा रस्ता धरा. वळणं फार आहेत, एका गाडीपुरती जागा आहे, पण चढावर आलात की दर वेळी समुद्र नव्याने समोर येतो. दोन तास हाताशी ठेवा.

दाभोळला उतरलात आणि जेट्टीवर रांग असेल तर गाडीत बसून कंटाळू नका. खाडीकाठची आदिलशाही मशीद चालत गाठण्यासारखी आहे. तिचा घुमट आणि मिनार पाहून कळतं की हे एकेकाळी केवढं बंदर होतं. गावाबाहेर चंडिका देवीचं गुहेतलं देऊळ आहे. आत दिवे नाहीत, समयांच्या उजेडात वाकून जायचं. डोळे सरावेपर्यंत थांबा.

जंगलजेट्टीत पहिल्यांदा चढताना लोक घाबरतात, पण घाबरण्यासारखं काही नाही. जेट्टीवर आलात की आधी तिकीट काढा, गाडीचं वेगळं, माणसांचं वेगळं. चालक सोडून सगळ्यांनी खाली उतरायचं आणि चालत चढायचं. माणसाने हात केला की गाडी सावकाश पुढे, किंवा तो सांगेल तर उलटी. काचा खाली ठेवा म्हणजे त्याचं बोलणं ऐकू येईल. ओहोटी असेल तर धक्क्याचा उतार तीव्र होतो आणि शेवटच्या टप्प्यावर शेवाळ असतं. तिथे ब्रेक दाबत-दाबत जाऊ नका, पहिल्या गिअरमध्ये एकसंध वेगाने जा. बुटक्या गाड्यांचं पोट घासू शकतं, अशा वेळी थोडं तिरकं घ्या किंवा सरळ पुढच्या फेरीला पाणी चढू द्या. जागेवर लागलात की गिअरमध्ये ठेवून हँडब्रेक ओढा, इंजिन बंद करा, आणि मग वर जाऊन वारा खा. वाशिष्ठीची ही खाडी ओलांडायला पंधरा मिनिटंही लागत नाहीत.

रविवारी दुपारी दोन्ही काठांना गाड्यांची रांग लागते. सकाळी दहाच्या आत पलीकडे गेलात तर बरं. वेळापत्रक मोसमाप्रमाणे बदलतं, आदल्या रात्री यजमानांनाच विचारा. त्यांच्याकडे जेट्टीवरच्या कोणाचा तरी नंबर हमखास असतो.

पलीकडे अंजनवेलकडच्या अंगाला मोठा वीज प्रकल्प दिसेल. एन्रॉनच्या काळात सगळा महाराष्ट्र ज्याला दाभोळ प्रकल्प म्हणून भांडला तो हा. उभा आहे गुहागर तालुक्यात, नाव मात्र खाडीपलीकडच्या गावाचं.

गुहागर ते तवसाळ

धोपाव्याहून गुहागर अर्ध्या-पाऊण तासावर. गाव म्हणजे एक लांबलचक रस्ता, दुतर्फा घरं, मागे वाड्या आणि वाड्यांमागे समुद्र. पत्ता विचारलात तर वरचा पाट की खालचा पाट असं उत्तर येईल, ते लक्षात ठेवा. व्याडेश्वराचं दर्शन घ्या, कित्येक कोकणस्थ घराण्यांचं ते कुलदैवत आहे. मग गाडी देवळापाशीच ठेवून गल्लीतून पायी किनाऱ्यावर जा.

गाडी वाळूत नेऊ नका. किनाऱ्यावर वाहन नेण्याला बंदी आहे, आणि ती नसती तरी नेऊ नये. वरून टणक दिसणारी वाळू चाकाखाली खचते, भरती वाट बघत नाही, आणि ट्रॅक्टरवाला बाहेर काढायचे पैसे तुमची घाई बघून सांगतो. खारं पाणी इंजिनात गेलं की पुढचं दुखणं कायमचं.

गुहागरहून दक्षिणेला पालशेत, मग वेळणेश्वर, मग हेदवी. वेळणेश्वरला शंकराचं देऊळ अगदी किनाऱ्यालगत आहे. हेदवीला दोन गोष्टी आहेत आणि लोक पहिली बघून परततात. पहिली डोंगरावरचा दशभुज लक्ष्मी-गणेश. दुसरी बामणघळ, ती खाली किनाऱ्यावर, उमामहेश्वराच्या देवळाच्या बाजूला. काळ्या खडकात अरुंद भेग पडलेली आहे. भरतीची लाट त्या भेगेत घुसते, आत कोंडते आणि धडाका देऊन वर उसळते. पूर्ण भरतीच्या आसपासच हे दिसतं, म्हणून तिथीचा हिशोब. उधाणाला पाणी अंगावर येतं, तेव्हा कडेला उभं राहून फोटो काढायचा मोह आवरा. ओला खडक आणि पाठीमागून येणारी लाट यांच्यात कोणाचाच तोल राहत नाही.

हेदवीहून तवसाळला जाताना कातळाचे सडे लागतात. पावसानंतरच्या महिनाभरात इथे रानफुलं असतात, एरवी तांबडा-काळा उघडा दगड. दुकानं जवळजवळ नाहीत. पाणी भरून घ्या.

जयगड ते रत्नागिरी

तवसाळहून जयगडला तशीच जंगलजेट्टी. जयगडचा किल्ला खाडीच्या तोंडावर आहे, तटावरून फेरी मारायला तास पुरे. त्याहून मला कऱ्हाटेश्वर आवडतो. पायऱ्या उतरून समुद्रासमोर देऊळ, आणि खाली खाऱ्या पाण्यापासून हाकेच्या अंतरावर गोड्या पाण्याचा झरा. दुपारी तिथे कोणी नसतं.

मालगुंडला केशवसुतांचं जन्मघर आहे. 1866 साली ते इथे जन्मले. कवितेत रस नसला तरी जुनं कोकणी घर आतून कसं असायचं ते बघायला थांबा.

गणपतीपुळ्याला डोंगरच देव मानलेला आहे, म्हणून प्रदक्षिणा डोंगराला, साधारण किलोमीटरभराची. सकाळी सातच्या आत केलीत तर अनवाणी पाय भाजत नाहीत. पण इथला समुद्र फसवा आहे. देवळासमोरच्या पाण्यात दरवर्षी बुडण्याच्या घटना होतात. वाळू पायाखालून एकदम खोल जाते आणि परतीची ओढ जबर असते. गुडघ्याच्या वर जाऊ नका, ओहोटी लागलेली असताना तर अजिबात नाही. जीवरक्षकाने शिट्टी मारली तर वाद न घालता बाहेर या. पोहता येतं हा इथे युक्तिवाद होत नाही, बुडालेल्यांत पट्टीचे पोहणारेही होते.

पुळ्याहून रत्नागिरीला महामार्गाने जाऊ नका. भंडारपुळे, आरे-वारे असा पंचवीसेक किलोमीटरचा किनारी रस्ता आहे, या सगळ्या पट्ट्यातला सगळ्यात देखणा. आरे आणि वारे या दोन पुळणींच्या मधल्या टेकाडावर गाड्या वळणातच उभ्या करून लोक फोटो काढतात आणि दोन्हीकडची वाहतूक तुंबवतात. थोडं पुढे जाऊन मोकळ्या जागी लावा, पन्नास पावलं मागे चालत या. एक बारकावा सांगतो: रत्नागिरीहून पुळ्याकडे जाताना समुद्र तुमच्या डाव्या हाताला येतो, म्हणजे थांबायला रस्ता आडवा ओलांडावा लागत नाही. नवख्या चालकाने शक्य असेल तर याच दिशेने यावं. आंबा घाटाने उतरणाऱ्यांना हे आपसूक जुळतं.

रत्नागिरीत वेळ असेल तर थिबा राजवाडा. ब्रह्मदेशचा राजा थिबा याला इंग्रजांनी 1885 मध्ये पदच्युत करून इथे आणून ठेवलं, आणि हा राजवाडा बांधून झाला 1910 च्या सुमारास. 1916 साली तो रत्नागिरीतच वारला. संध्याकाळी शेजारच्या थिबा पॉइंटवरून भाट्याची खाडी बघा. अर्धा दिवस जास्तीचा असेल तर उक्षीची कातळशिल्पं, सड्यावर खोदलेला तो प्रचंड हत्ती चुकवू नका. शिल्पावर पाय देऊ नका, हे वेगळं सांगायला लागू नये पण लागतं.

रस्त्यावर

आंधळ्या वळणावर हॉर्न द्या आणि एसटीला वाट द्या. ती थांबणार नाही असं धरूनच चाला. अरुंद रस्त्यावर समोरासमोर आलात तर ज्याच्या मागे रुंद जागा जवळ आहे त्याने मागे जायचं, आणि चढाच्या गाडीला आधी सोडायचं. रिव्हर्स नीट येत नसेल तर आधी सराव करून या. अंधार पडल्यावर किनाऱ्याचा रस्ता धरू नका. गुरं रस्त्यातच बसलेली असतात आणि काळी म्हैस दिव्यातही उशिरा दिसते.

प्लास्टिकच्या बाटल्या गाडीत साठवून शहरात परत न्या. या गावांत कचरा उचलणारी गाडी रोज येत नाही.

परतताना काय घ्यावं

कोकम, आमसुलं, कुळथाचं पीठ, आंबापोळी, फणसपोळी, काजू. महिला बचत गटांच्या टपऱ्यांवर किंवा यजमानांकडेच घ्या, ताजं मिळतं. हापूस महामार्गावरच्या ढिगातून घेऊ नका. परराज्यातला तसाच दिसणारा आंबा रत्नागिरीच्या नावाने तिथे खपतो. बागायतदाराकडून पेटी घ्या आणि फळ किंचित कच्चं मागा, घरी पेंढ्यात चार-पाच दिवसांत पिकतं. मासे न्यायचे असतील तर थर्माकोलचा खोका आणि बर्फ बंदरावरच मिळतो. खोक्याला चिकटपट्टी दुहेरी मारून घ्या, नाहीतर महिनाभर डिकी उघडताना हर्णै आठवत राहील.

रविवारी मुंबईकरांनी गुहागर दुपारी एकच्या आत सोडावं, पुणेकरांनी बाराच्या आत. जेवण चिपळूणला. त्याच्या आधी शृंगारतळीला टाकी बघून घ्या.